फक्त पहिलं चित्र

"आतल्या खोलीत कोणी आहे का?" पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवण्याआधी घड्याळवाल्या बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. आई घरी गेलीय, जेवायला," फोटोवाला म्हणाला.

बाईंचा जीव भांड्यात पडला, हे त्याने बरोबर टिपलं.

मार्केटमध्ये दोन महिने चोऱ्या चालल्या होत्या. शिंप्याची कात्री गेली, चष्मेवाल्याच्या फ्रेमा गेल्या. फोटोवाल्याची तर लेन्स गेली, तीही बंद कपाटातून. हे बाहेरच्याचं काम नाही, असं तो छातीठोकपणे सांगत फिरायचा. ज्याच्या गाळ्यातलं माणूस चोर निघेल त्याने गाळा रिकामा करायचा, हा ठराव त्यानेच मीटिंगमध्ये आवाज चढवून मंजूर करून घेतला होता. अशात सोमवारी दुपारी बाईंच्या दुकानातून गिऱ्हाइकाचं दुरुस्तीला आलेलं घड्याळ नाहीसं झालं. गिऱ्हाइकाने तक्रार केली आणि कमिटीने बाईंकडे त्या वेळचं कॅमेऱ्यातलं चित्र मागितलं.

घड्याळ बाईंनीच दाबलं, याबद्दल फोटोवाल्याला काडीचीही शंका नव्हती.

"माझी फाइल कमिटीच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही म्हणतात," बाई म्हणाल्या. "जेपीजी करून द्या."

त्याने फाइल उघडली. "ही जीआयएफ आहे, ताई. हलतं चित्र. आत एकामागोमाग चाळीस चित्रं आहेत. जेपीजीत एकच मावतं."

"मग पहिलं घ्या. फक्त पहिलं."

पहिल्या चित्रात काउंटर होता, घड्याळांचे ट्रे होते, रिकामी खुर्ची होती. माणूस औषधालाही नव्हता.

"यात तर काहीच नाही."

"तेवढंच पुरे. बाकीची पुसून टाका." बाईंनी आवाज खाली आणला. "आणि बघत बसू नका, भाऊ. तुमच्याच भल्यासाठी सांगतेय."

फोटोवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माल दाबायचा, पुरावा पुसायला सांगायचा, आणि वर हा दम! पण तोंडावर त्याने साखर पेरली. "तुम्ही म्हणाल तसं."

बाईंच्या डोळ्यांदेखत त्याने एक जेपीजी बनवली आणि पेन ड्राइव्हवरची मूळ फाइल पुसली. फाइल उघडताना तिची एक प्रत आपल्या कॉम्प्युटरवर घेऊन ठेवली होती, ते मात्र सांगितलं नाही. एवढा खुळा तो नव्हता.

दारापर्यंत गेलेल्या बाई पुन्हा वळल्या. "आईंना सांभाळा हो."

म्हणजे आता घरापर्यंत पोचली ही बाई! तो दात ओठ खात त्या दिसेनाशा होईपर्यंत थांबला आणि लगेच कामाला लागला. चाळीसच्या चाळीस चित्रं सुटी केली, प्रत्येकाची जेपीजी केली, क्रमाने आकडे घातले. ती पुन्हा येऊन पाय धरण्याआधी काम उरकायला हवं होतं. साठ दुकानदारांच्या ग्रुपवर त्याने सगळा गठ्ठा पाठवला. खाली लिहिलं, "घड्याळवाल्या ताईंनी ही चित्रं मला पुसायला सांगितली होती. चोर यातच आहे. ठरावाप्रमाणे गाळा रिकामा झालाच पाहिजे. दयामाया नको."

त्याला फार बरं वाटलं. खुर्ची पुढे ओढून तो सावकाश एकेक चित्र बघायला बसला.

पहिली बारा रिकामी होती. तेराव्यात काउंटरवर एक हात आला.

फोन वाजला. कमिटीचे अध्यक्ष. "थांबा की जरा," असं स्वतःशीच पुटपुटत त्याने तो कापला. लगेच शिंप्याचा आला. मग पुन्हा अध्यक्षांचा. सगळं मार्केट आता आपली पाठ थोपटणार, या खुशीत त्याने फोन उलटा करून ठेवला.

बाविसाव्या चित्रात त्या हाताने ट्रेमधलं घड्याळ उचललं. अठ्ठाविसाव्यात कापडी पिशवीचं तोंड उघडलं. एकतिसाव्यात पांढरे केस दिसले. ही कोणी म्हातारी होती, आणि घाईत मुळीच नव्हती. घड्याळवाल्या बाईंचे केस तर काळेभोर होते. त्याने कपाळाला आठ्या घालत पुढचं चित्र उघडलं, मग त्याच्या पुढचं.

चौतिसाव्या चित्रात त्याची आई कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.