डोहातला डोंगा

लटारू छातीभर पाण्यात उभा राहून डोंग्यात दगड भरत होता, तेव्हा चांद्याहून आलेल्या सरकारी माणसानं काठावरून त्याला मुलगा गेल्याचं सांगितलं.

सांगितलं तेही अडखळत, टोपी हातात घेऊन. बिरजू आरमारात होता. पाणबुडीचं काम शिकायला त्याला परदेशी धाडलं होतं. ती पाणबुडी समुद्रात खाली गेली आणि ठरल्या वेळी वर आलीच नाही. आता शोधही थांबवला होता.

लटारूनं शेवटचा दगड ठेवला. मोहाच्या एका खोडातून कोरलेला त्याचा डोंगा बुडबुडे सोडत वैनगंगेच्या डोहात तळाशी जाऊन बसला. गावातले ढिवर, म्हणजे मासेमार, दर उन्हाळ्यात असंच करत. उन्हात ठेवला तर डोंगा तडकतो, पाण्याखाली शाबूत राहतो.

"मंग खालीच हाये ना," लटारू म्हणाला. "येईन तो वर."

त्या माणसानं सुनेकडं, नीलाबाईकडं पाहिलं. ती काठावर वल्हं आणि जाळं सांभाळत उभी होती. तिनं मान खाली घातली.

लटारू काही वेडा नव्हता. बिरजूनंच मागच्या सुटीत त्याला सगळं समजावलं होतं. जाड पोलादी पत्र्यांची दोन कवचं, एक आत, एक बाहेर. मधल्या जागेत पाणी घेतलं की बोट खाली जाते, हवेनं ते पाणी बाहेर रेटलं की वर येते. "बा, तू दगडं भरतोस, आमी पानी भरतो. तेवढाच फरक," असं म्हणून तो हसला होता. आमची डिझेलवर चालते, तिला हवेसाठी वर यावंच लागतं. पण अमेरिकेनं आता अणूवर चालणारी बांधली आहे, ती महिनोन्‌महिने खालीच राहू शकते, असंही तो म्हणाला होता. पोराची पाणबुडी यातली कोणती, हे लटारूच्या डोक्यात राहिलं नाही. महिनोन्‌महिने एवढंच राहिलं.

गावानं परोपरीनं सांगून पाहिलं. देह मिळाला नाही तर कणकेचा पुतळा करून नदीकाठी अग्नी देतात. तेवढं तरी कर, नाहीतर पोराचा जीव भटकत राहील. "जित्या पोराले आग लावू?" एवढं बोलून तो उठून जाई. नीलाबाईचा भाऊ सुकलू तिला माहेरी न्यायला आला, त्यालाही त्यानं दारातूनच परत धाडलं. "नवरा येईन तवा घरात कोन दिसन त्याले?" नीलाबाई रोज सकाळी कुंकू लावत राहिली. उठल्याबरोबर म्हाताऱ्याची पहिली नजर तिच्या कपाळाकडं जाई, म्हणून. एरवी तिला त्या कुंकवाकडं बघवत नसे.

आषाढ लागला, नदी चढू लागली. लटारू डोहात उतरला. बुड्या मारून त्यानं एकेक दगड काढला, नीलाबाईनं काठावरून दोर ओढला आणि डोंगा वर आला. त्यानं आतलं पाणी उपसलं. बुडावरून, कडांवरून हात फिरवला. कुठंही चीर नव्हती. उन्हाळाभरात तो पहिल्यांदाच हसला.

"पाह्य, जसाच्या तसा. तसाच येईन आपला बिरजू."

नीलाबाईनं वल्हं खाली ठेवलं. इतके दिवस गिळून ठेवलेलं आता तिला गिळवेना.

"मामाजी, बुडवाच्या आंधी डोंग्यातून काय काय काढता तुमी?"

"सारंच काढतो. वल्हं, जाळं, दोर. पान्यात जे नासते, ते ठेवत नाई."

"आन् मानसं?"

लटारूचा हात डोंग्याच्या कडेवर थांबला. पाणी त्याच्या गुडघ्यांवरून जात होतं. मग तिच्याकडं न बघता, नदीकडं तोंड करून तो म्हणाला,

"घरी जाय, माय. कनिक भिजव."