मागच्या दाराजवळची जागा

शैलजाची चप्पल सीटखाली कशाला तरी लागली. तिने वाकून पाहिलं. टॉवेलात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर. एरियल तेवढी बाहेर डोकावत होती.

बस चालू होती. पोरी गात होत्या. साताऱ्याहून चंदीगडला खो-खो खेळायला आलेल्या, आज सामना नाही म्हणून रॉक गार्डन बघायला निघालेल्या. शैलजा त्यांची कॅप्टन. आणि तिच्या डोक्यावर, बसच्या पत्र्यावर, हिंदीत रंगवलेलं: लावारिस वस्तू को हाथ न लगाएँ. ट्रान्झिस्टरमधले बॉम्ब फुटून माणसं मेल्याचं पेपरात येऊन फार काळ झाला नव्हता.

ओरडायचं. एवढंच तर करायचं होतं.

पण दिल्ली स्टेशनवर ती ओरडली होती. बाकाखालच्या डब्यात कुणाचे तरी पराठे निघाले. तेव्हापासून पोरी तिला बॉम्बताई म्हणत. संघाचे प्रशिक्षक वामन सरसुद्धा हसले होते.

ती उठली. सीटांना धरत मागे गेली. मागच्या दाराला लागून नयना बसली होती, संघातली सगळ्यात लहान, शेंगदाणे खात. शैलजाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"खो."

प्रवासभर हाच खेळ चालला होता. मैदानावर पाठीवर हात पडला, खो ऐकू आला, की उठून पळायचं आणि खो देणारीने त्या जागेवर बसायचं. गाडीतही तसंच. खो मिळाला की जागा सोडायची. का म्हणून विचारायचं नाही.

नयना उठली. हसत पुढे गेली. शैलजाच्या जागेवर बसली.

मागच्या दाराजवळची सीट अजून गरम होती.

चौक. बस वळली. पुढच्या चौकात सांगू.

चौक. आता सांगितलं तर म्हणतील, मग तू उठून मागे का गेलीस?

चौक. ड्रायव्हरची पगडी आरशात दिसत होती. हा आपल्याकडे बघतोय, असं तिला वाटलं. तिने एक हात दाराच्या दांडीवर ठेवला. पुढे नयनाची वेणी दिसत होती. वेणी हलत नव्हती. पोरी गात होत्या, नयना गात नव्हती. हे शैलजाला दिसलं आणि तिने खिडकीबाहेर पाहिलं.

चौक.

बस थांबली. पोरी धडाधड उतरल्या. ड्रायव्हर मागे वळून नयनाच्या सीटखाली वाकला.

"बेटा जी, ज़रा पैर हटाना."

त्याने ट्रान्झिस्टर काढला, टॉवेलाने पुसला, कानाशी धरून सुई फिरवली. शबद-कीर्तन लागलं. "बड़ी धूल है जी," तो म्हणाला, "इसलिए लपेट के रखता हूँ."

रॉक गार्डनमध्ये फुटक्या बांगड्यांनी घडवलेले बायकांचे पुतळे रांगेने उभे होते. वामन सर फोटोसाठी पोरींना त्यांच्यासमोर उभं करत होते. शैलजा मागे राहिली. नयना तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"ताई, तो रेडिओ तुम्हाला दिसला होता ना?"

"कुठला रेडिओ?"

"मला बसल्या बसल्याच दिसला," ती म्हणाली.

"मग ओरडली का नाहीस?"

"तुम्ही खो दिला होतात. म्हटलं, ताईंनी काहीतरी ठरवलंय. ड्रायव्हरला आरशात पुढची जागा एकदम रिकामी दिसायला नको. आपण गप बसून राहायचं."

"नयना, कॅप्टन, चला की गं," सरांनी हाक मारली. दोघींपैकी कुणीच हललं नाही.

नयनाने तळवे ओढणीला पुसले. ते अजून ओले होते.

"म्हणून मी मागे वळून पाहिलं नाही ताई," ती म्हणाली. "नुसती वाट बघत होते, तुम्ही बस थांबवून मागच्या दाराने पोरींना कधी उतरवताय त्याची."