तुळशीचं पान

समोरच्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीला, फिलोमिनाला अखेरचा निरोप देऊन विजयलक्ष्मी पेरुंगुडीच्या चर्चमधून परतली आणि रिवाजाप्रमाणे डोक्यावरून न्हाली. केस ओले असतानाच बेल वाजली. दारात फिलोमिनाची मुलगी जेसिंता साडी घेऊन उभी होती. “अम्मानं ही तुमच्यासाठी ठेवली होती, आंटी.” “उंबऱ्यावर ठेव,” विजयलक्ष्मी म्हणाली. मयताच्या घरची वस्तू तशीच आत कशी घ्यायची? तिनं तुळशीच्या पानानं तांब्यातलं पाणी साडीवर शिंपडून विटाळ घालवला. जेसिंताचे डोळे भरून आले. “फादरनीही अम्माच्या शवपेटीवर असंच तीर्थ शिंपडलं. देव तिला स्वर्गात घेईपर्यंत जवळच्यांनी प्रार्थना करायची, म्हणाले. तुम्ही लगेच केलीत.” विजयलक्ष्मीला मान वर करवेना. जेसिंता उंबऱ्याबाहेरच गुडघ्यांवर बसली. “माझ्यावरही शिंपडा ना.” खरं सांगायला विजयलक्ष्मीची जीभ रेटेना. तिनं पान पुन्हा बुडवलं. डोळे मिटून जेसिंता म्हणाली, “आमेन.”