पाय फुटलेला व्हॉल्व्ह

काकूंचा बेस गिटारचा ॲम्प परवापर्यंत ठणठणीत होता. आता त्यातून आवाजच येईना. काकू गिटार जोडून समोरच बसल्या होत्या; मी ॲम्पची मागची फळी उघडली. आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, त्यातले मोठे छान तापले होते, पण पहिला, छोटा, जागेवरच नव्हता. जळालेले व्हॉल्व्ह मी रोज बघतो. पाय फुटलेला पहिल्यांदाच.

तेवढ्यात काकूंच्या मुलाचा फोन आला. "आईला सांगा, दुरुस्त होणार नाही. या वयात शोभतं का हे? लोक हसतात."

"एक मिनिट थांबा हं." ॲम्प बंद करून मी माझ्याकडचा व्हॉल्व्ह बसवला, पुन्हा चालू केला. तो तापेपर्यंत साहेब फोनवर थांबले.

"कोण आहे?" काकूंनी विचारलं.

"बिघाड," मी म्हणालो आणि फोन स्पीकरसमोर धरला. "वाजवा काकू, सगळ्यात जाड तार."