मिकाचा विलाप

मिकाला अंगणात निजवलं होतं, पाय दाराकडे. अंगाखाली रानओव्याची पानं पसरली होती. तिमारेताने स्वतःचे केस कापून लेकीच्या छातीवर ठेवले. उद्या सूर्य उगवायच्या आत पोरीला न्यायचं होतं आणि तिच्यासाठी अजून कुणी गायलं नव्हतं. न गाता नेलेलं माणूस वेशीपाशीच घुटमळत राहतं, असं तारास गावातल्या जुन्या बाया म्हणत.

पण गायला बंदी होती. ती आणली होती तिमारेताच्याच नवऱ्याने. क्लेआंद्रोस सुरांचा मोठा जाणकार. कुठल्या सुरांनी माणसाचं मन कुठे वळतं, ते तो आकडे मांडून दाखवी. अकरा वर्षांपूर्वी भर सभेत त्याने पटवून दिलं, की बायकांचा विलाप पुरुषांची मनं मेणासारखी वितळवतो. तो ऐकत वाढलेली पोरं लढाईत ढाली टाकतील. सभेने हात वर करून होकार दिला. तेव्हापासून विलाप गाणाऱ्या बाईला चाबकाचे फटके.

"बित्तोला बोलावलंय मी," तिमारेता म्हणाली. विलाप गाणाऱ्यांपैकी ती एकटीच उरली होती.

क्लेआंद्रोस सकाळपासून लेकीचे तळवे चोळत बसला होता, ऊब यावी तसे. "गाऊ दे तिला," तो म्हणाला. "फटके मी खाईन."

बित्तो आली. मागोमाग शेजारणी आल्या.

"काय गुरुजी, आज नाही का बुडत गाव?" बित्तोने क्लेआंद्रोसला विचारलं.

त्याने म्हातारीचे गुडघे धरले. "मावशी, गा."

"माझ्या पोराचं, दामिसचं मढं ढालीवरून घरी आलं, तेव्हा ओढणीचा बोळा तोंडात कोंबून बसले होते मी. तुझ्यापायी!"

तरी ती मिकाच्या उशाशी बसली. पोरीने काय कुणाचं वाईट केलं होतं? तिने केस मोकळे सोडले, ऊर बडवला, तोंड उघडलं. पहिली हाक उठली आणि तिथेच थांबली. पुन्हा उठली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा नुसतेच ओठ हलले.

"पुढचं येत नाही गं," ती तिमारेताला म्हणाली. "आईने मला हे मयताजवळ बसवून शिकवलं होतं. दर मयताला गायलं की राहायचं ध्यानात. अकरा वर्षं झाली, पोरी. गेलं सगळं."

तिमारेताने शेजारणींकडे पाहिलं. एकेकीने मान खाली घातली.

"मला येतात ते सूर," क्लेआंद्रोस म्हणाला.

तो आत जाऊन आपली लाकडी पेटी घेऊन आला. तिच्यावर एकच तात ताणलेली, खाली मापाच्या खुणा. तो तातेखालची घोडी एकेका खुणेवर सरकवत गेला, तात छेडत गेला. विलापाचा एकेक सूर अंगणात उमटला. अगदी बरोबर, केसाचाही फरक नाही.

तिमारेता रडू यायची वाट बघत राहिली.