रूलोफचा वाढदिवस

"अभिनंदन हं, डॉक्टर!" असं म्हणत आलिदाने डॉक्टरांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून हलवला आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग ती एकेकाचं अभिनंदन करत सुटली. मुलीचं, म्हणजे मार्लेनचं. जावयाचं. शेजारच्या खेसिनाचं. आमच्या ड्रेंट प्रांतात वाढदिवस एकाचा असतो आणि अभिनंदन सगळ्या गोतावळ्याचं होतं. त्यात आलिदा कधी कुणाला विसरली नव्हती. खुर्च्या वाढदिवसाला मांडतात तशा गोल मांडलेल्या होत्या, खिडकीवर कागदी पताकांची माळ होती, कॉफीबरोबर मोका केक होता. नवऱ्यापाशी आल्यावर तिने त्याच्या गालांचे तीन मुके घेतले. "म्हातारा झालास की रे!" ती म्हणाली. रूलोफचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो. हा जून होता.

डॉक्टर ब्राउअर आलिदाला मरण द्यायला आल्या होत्या.

ते तिने स्वतःच मागितलं होतं; आमच्या देशात कायद्याने तसं मागता येतं. विसरण्याचा आजार तिच्या आईलाही होता. त्या बाईने शुश्रूषागृहात नऊ वर्षं काढली. शेवटी शेवटी तर ती पोटच्या मुलीला नवी स्वयंपाकीण समजायची आणि सूप अळणी झालंय म्हणून झापायची. "मी त्या खाटेवर जाणार नाही," आलिदा म्हणायची. "मी मी आहे तोवरच जाईन." मार्लेन रडली, भांडली, आईशी बोलेनाशी झाली. तिच्यासमोर उभा राहिला तो रूलोफ. "मरण तिचं आहे, तुझं नाही," असं त्याने लेकीला ठणकावलं. बायकोला त्याने शब्द दिला होता. कायद्याला लागणारं दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला तोच तिला घेऊन गेला. शेवटी मार्लेनही नाक पुसत तयार झाली. डॉक्टर ब्राउअरांची अट एकच होती. त्या दिवशी आपण काय मागतोय ते आलिदाने आपल्या तोंडाने सांगायचं. कुणी सुचवायचं नाही. तिचे बरे दिवस झपाट्याने कमी होत होते, म्हणून जूनच्या पुढे कुणी जायला तयार नव्हतं.

डॉक्टरांनी तिला जवळ बसवलं. "आलिदा, मी आज कशासाठी आलेय?"

"इश्श, असं काय विचारता? केक खायला!"

मार्लेनने तोंड उघडलं, पण डॉक्टरांनी तिला हातानेच थांबवलं. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि पुन्हा विचारलं. वेगळ्या शब्दांत विचारलं, हळू विचारलं. आलिदाने त्यांना केकचा मोठा तुकडा वाढला आणि अजून एक घ्याच म्हणून आग्रह केला.

"मला हे करता येणार नाही," बाहेर येऊन डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "त्यांना पुन्हा स्पष्ट आठवलं, तर लगेच फोन करा. पण फार आशा धरू नका."

मार्लेनला आधी हायसं वाटलं. मग त्याचीच लाज वाटली. आई आता आजीच्या वाटेने जाणार, पायरी पायरीने, हे तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि ती रडायला लागली. रडता रडताच ती परत आत आली. आईचा खुर्चीतच डोळा लागला होता. मार्लेनची नजर खोलीभर फिरली.

"बाबा," ती म्हणाली, "काल मी गेले तेव्हा खुर्च्या जेवणाच्या टेबलाभोवती होत्या. पताका माळ्यावर होत्या."

रूलोफ उरलेला केक झाकत होता. झाकण काही केल्या नीट बसेना.

"आणखी एक उन्हाळा," तो म्हणाला. "एवढाच हवा होता गं मला."

"आजीचे नऊ झाले, बाबा."

तिने कोट उचलला आणि ती निघाली. नवरा तिच्या मागोमाग गेला. खेसिनाने कपबशा गोळा केल्या आणि तीही गेली.

जूनमध्ये उजेड लवकर जात नाही. रूलोफ भांडी पुसत होता, तेव्हा बाहेरच्या खोलीतून हाक आली. आवाज पूर्वीचा होता, ठाम. फडकं हातात घेऊनच तो तिच्यापाशी गेला.

"आज डॉक्टर येऊन गेल्या ना?" आलिदाने विचारलं. तिचे डोळे स्वच्छ होते. "आणि मी काहीतरी घोटाळा केला. हो ना? मला सांगता आलं नाही."

"नाही आलं," तो म्हणाला.

"मग आत्ता कर फोन. आत्ता मला सगळं कळतंय, रूलोफ. मला मरायचंय आणि का मरायचंय तेही सांगते. उद्याचं मला माहीत नाही. लवकर कर."

फोन हाताशीच होता. डॉक्टरांचं घर कालव्याच्या पलीकडे, खिडकीतून दिसेल इतकं जवळ. रूलोफने फोन उचलला, नंबर न लावता कानाला लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. तिच्याकडे पाहायची त्याची हिंमत झाली नाही.

"उचलत नाहीयेत," तो म्हणाला.

आलिदाने सुस्कारा सोडला. मग तिने त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर थोपटलं.

"असू दे. पण पुढच्या वेळी माझ्याजवळ तू बस. मार्लेनचा मला भरवसा नाही. तुझा आहे."