उपयोगी फोटो

“शेपटी कापलीस!” फोटोवाले कडाडले. “अख्खा कुत्रा उभा केला समोर आणि शेपटी फोटोच्या बाहेर! परत काढ.”

मुलीनं मोबाइल खाली घेतला, ओठ दाबले आणि परत वर केला. अंगणातल्या पांढऱ्या भिंतीसमोर हवालदार उभा होता. तांबूस, बारा वर्षांचा, डावा कान फाटका.

“बाबा, शेपटीवरून कोण ओळखणार आहे?”

“ते तू ठरवू नकोस. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला मी. भिंतीवर टांगायला सुंदर फोटो लागतो. हरवल्यावर उपयोगी पडायला खरा लागतो. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, उभ्यानं पूर्ण, आणि खूण जवळून. आणि वरून काय काढतेस, झाडावर बसलीयस का? खाली बस. गुडघे माझे गेलेत, तुझे नाहीत.”

ती खाली बसली. फाटक लागलंय ना, ते तिनं मान वळवून पाहिलं. ते पाहून फोटोवाल्यांना बरंच वाटलं. घरात निदान आणखी एकाला तरी भीती वाटत होती.

गेल्या मंगळवारी हवालदार हरवला होता. ब्रेड आणायला दोघं निघाले. एका वळणावर फोटोवाल्यांनी मागं पाहिलं, तर कुत्रा नाही. हाका मारून घसा कोरडा पडला. एक गल्ली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. घाबरलेल्या माणसाला रोजच्या गल्ल्यासुद्धा सावत्र होतात. एका दाराशी ते चौकशीला थांबले, तर बाई म्हणाली, “कोण पाहिजे?” आणि यांच्या तोंडून शब्द फुटेना. कुणी तरी दंडाला धरलं, तेव्हा ते जिवाच्या आकांतानं ओरडले, “सोडा! माझा कुत्रा गेलाय!” माणसं हसली. माणसांना काय, दुसऱ्याचं गेलं की करमणूक.

उन्हं उतरली. तेवढ्यात मागून पँटचा काठ ओढला गेला. हवालदार.

“कुठं उलथला होतास, मेल्या?” म्हणत त्यांनी त्याला एक रट्टा दिला आणि त्याच्याच मानेला मिठी मारून भर रस्त्यात रडले. रडल्याचं मुलीला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून ते दिवसातून दहा वेळा पलंगाखाली हात घालून बघत, आहे ना? मुलीनंही मनावर घेतलं होतं. दाराला नवी कडी बसवली होती. पंजा सोडा, माणसाचा हातही सहज पोचू नये इतक्या उंच. हवालदाराच्या पट्ट्यावर आपला नंबर कोरून घेतला होता. आणि रोज संध्याकाळी त्याची उजळणी घ्यायची. “हवालदार, घर!” म्हटलं की तो असेल तिथून थेट दाराशी. म्हातारपणी शिकवणी लावली बिचाऱ्याला, असं फोटोवाले म्हणत.

“हलतोय तो,” मुलगी म्हणाली. “तुम्ही शेजारी उभे राहा, बाबा. उंचीचाही अंदाज येईल. आणि स्वेटर घाला तो तपकिरी, गारठा आहे.”

ते उभे राहिले. हवालदार त्यांच्या पायाला टेकला आणि दगडासारखा गप्प झाला.

“चष्मा काढा. काच चमकते. तुम्हीच शिकवलंय.”

त्यांनी काढला.

“आता लावून एक.”

“कुत्र्याच्या फोटोत माझ्या चष्म्याची काय पंचाईत?”

“उजेड बघतेय.”

“बघ, बघ. उजेडच आहे सगळा.”

“कान दिसू दे त्याचा. अंगठ्यानं वर धरा.” फोटोवाल्यांनी कान धरला. त्यांच्या अंगठ्याचं नख रसायनांत बुडून बुडून काळं पडलेलं, मधोमध चिरलेलं. मुलीनं अगदी जवळून दोन फोटो घेतले.

कुंपणावरून शेजारीण डोकावली. “काय, हवालदार आज ड्युटीवर वाटतं?”

“फोटो चाललेत त्याचे,” फोटोवाले म्हणाले. “परत गेला तर? तुमच्या भरवशावर बसू का?”

शेजारणीनं मुलीकडे पाहिलं. “काढून ठेवलेले बरे,” ती म्हणाली. “मलाही द्या गं एक. दाराशी लावीन.”

मग फोटोवाले खुर्चीत बसून पत्रकाचा मजकूर सांगायला लागले. “लिही. हाक मारली तर ओ देईलच असं नाही. कुणी धरलं तर ओरडतो, पण ते भीतीनं. हे लिहिलं नाहीस तर दगड मारतील लोक. भ्यालेला कोण नि पिसाळलेला कोण, एवढंही कळत नाही गाढवांना.”

“भीतीनं,” मुलगी लिहिता लिहिता पुटपुटली आणि तोंड फिरवून तिनं नाक पुसलं.

“रडतेस काय? अजून कुठं हरवलाय?”

“नाही ना,” ती म्हणाली. “अजून नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्यातून गठ्ठा आला. मुलगी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. छपाई आपण तपासलेली बरी, म्हणून फोटोवाल्यांनी सुतळी तोडली. वरचाच कागद पाहिला आणि त्यांचं डोकं फिरलं.

कापला होता. शेपटी नव्हे, सबंध कुत्रा कापला होता! एवढं घसा फोडून शिकवलं, त्यावर पाणी. हवालदाराचा नुसता फाटका कान उरला होता, त्या काळ्या, चिरलेल्या नखाखाली. बाकी कागदभर तपकिरी स्वेटरातला म्हातारा. एकदा चष्म्यासकट, एकदा चष्म्याशिवाय, समोरून, दोन्ही बाजूंनी, उभ्यानं पूर्ण. मुलीला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि नजर खालच्या मजकुरावर गेली.

‘हे गृहस्थ एकटे दिसले तर खालच्या नंबरवर कळवा. हाक मारली तर ओ देतीलच असं नाही. कुणी धरलं तर ओरडतात, पण ते भीतीनं. सोबत कुत्रा असेल तर यांना काही विचारू नका. कुत्र्याला फक्त म्हणा, “घर”.’